कमी पाण्यावर फुलणारा युफोर्बिया: लावणीपासून छाटणीपर्यंत

कमी पाण्यावर तगून राहणारी झुडपं पुष्कळ आहेत. पण कमी पाण्यावर तगायचं, गुडघा-मांडीच्या उंचीतच राहायचं आणि वर्षाचा बराच काळ फुलांवर असायचं, हे तिन्ही जमणारी थोडीच. काटेरी युफोर्बिया त्यांत वरच्या नंबरावर आहे. शास्त्रीय नाव युफोर्बिया मिलिआय, मूळ घर मादागास्कर. रेयुनियन बेटाचे एकेकाळचे गव्हर्नर बॅरन मिलियस यांनी १८२१ मध्ये ते फ्रान्सला नेलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. शेर आणि पॉइन्सेटिया ही त्याची भावंडं. म्हणूनच फांदी मोडली की पांढरा चीक ठिबकतो.

या झाडाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: पाणी तोडलं की ते जास्त फुलतं. पाण्याचा ताण सोसणं ही त्याची ताकद आहे, फुलण्याची अट नाही. पाणी मिळेना झालं की ते पानं गाळतं, वाढ थांबवतं आणि नुसतं काटेरी दांडके घेऊन महिनोन्‌महिने उभं राहतं. जगतं, पण फुलत नाही. दुसऱ्या टोकाला, रोजच्या रोज पाणी घातलं तर मुळं कुजून पूर्ण झाडच जातं. पुढची सगळी माहिती या दोन टोकांच्या मध्ये झाडाला कसं ठेवायचं, याबद्दल आहे.

फूल कुठे येतं ते आधी पाहा

फुललेली एखादी फांदी जवळून बघा. टोकाला दाट पानं असतात. त्या वरच्या पानांच्या बेचक्यातून एक बारीक, किंचित चिकट देठ निघतो. तो दुभंगतो, पुन्हा दुभंगतो, आणि प्रत्येक टोकाला दोन रंगीत गोलसर पाकळ्या दिसतात. त्या खऱ्या पाकळ्या नसतात, रंगीत छदं, म्हणजे फुलालगतची बदललेली पानं असतात; खरी फुलं म्हणजे त्यांच्या मधोमध असलेला तो लहानसा पिवळसर ठिपका. छदं पानाच्याच जातीची असल्यामुळे ती पटकन कोमेजत नाहीत, एकेक गुच्छ कित्येक आठवडे टिकतो.

आता त्याच फांदीचा खालचा भाग पाहा. तिथे पानं नाहीत, फुलं नाहीत, फक्त काटे. गळलेल्या पानांच्या जागी पुन्हा पान येत नाही. फूल येतं ते नव्या वाढीवर, शेंड्याजवळ. म्हणजे शेंडा वाढतोय तोवर फुलं, शेंडा थांबला की फुलंही थांबली. आणि जितके शेंडे जास्त तितके गुच्छ जास्त. ऊन, पाणी, खत, छाटणी यांतलं काहीही ठरवताना, याने शेंड्याचं काय होईल, एवढा विचार केला तरी निम्मे प्रश्न सुटतात.

रोप निवडताना

मूळ जातीचं झाड मोकळं सोडलं तर दीड मीटरच्या पुढेही जातं आणि फांद्या वेड्यावाकड्या पसरतात. आटोपशीर झुडूप हवं असेल तर बुटकी जातच घ्या. लहान पानं, आखूड पेरं आणि तळापासून फुटलेल्या भरपूर फांद्या ही तिची खूण. अशी झाडं ३० ते ६० सेंमीत राहतात. थायलंडमध्ये तयार झालेले मोठ्या फुलांचे संकर वेगळे. त्यांची खोडं बोटाएवढी जाड, पानं लांबट आणि मोठी, फुलांचे गुच्छ भरगच्च. ते देखणे असतात, पण फांद्या कमी फुटतात आणि त्यांना पाणी थोडं जास्त लागतं. कुंडीत एकटं उठून दिसणारं झाड हवं असेल तर संकर घ्या. वाफ्याची कड, उतार किंवा बुटकं कुंपण करायचं असेल तर लहान पानांची बुटकी जात.

रोप घेताना फुलं बघून भुलू नका, बुंधा बघा. मातीलगतचा भाग दोन बोटांत धरून हलकेच दाबा (काटे सांभाळून). तो कडक लागला पाहिजे. मऊ, काळपट किंवा ओलसर लागला तर रोप कितीही फुललेलं असलं तरी सोडून द्या. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके आहेत का तेही पाहा; ते पिठ्या ढेकूण असतात, आणि एकदा घरात आले की शेजारच्या कुंड्यांतही जातात.

जागा

रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन. तीन-चार तासांत झाड जगतं, पण पेरं लांबतात, फांद्या उजेडाकडे कलतात आणि गुच्छ विरळ होतात. लाल-गुलाबी रंग उन्हात गडद आणि सावलीत फिका पडतो. फिक्या रंगाच्या जातींना ऐन दुपारच्या कडक उन्हात थोडी विरळ सावली मिळाली तर रंग टिकतो, पण तेवढीच.

रोपवाटिकेत जाळीच्या सावलीत वाढलेलं रोप आणल्याबरोबर कडक उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरट-तपकिरी करपलेले डाग पडतात. पहिले तीन-चार दिवस फक्त सकाळचं ऊन, मग दर दोन दिवसांनी तास-दीड तास वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात आणा.

थंडीच्या बाबतीत हे झाड नाजूक आहे. तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली जायला लागलं की पानं गळतात, दहिवरात (गोठलेल्या दवात) ते मरतं. जिथे दहिवर पडतं तिथे कुंडीतच लावा आणि थंडीत आत, उजेडाच्या खिडकीशी न्या. खारं वारं मात्र त्याला चालतं, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या बागेत, जिथे इतर झुडपांची पानं करपतात, तिथेही ते नीट राहतं.

काटे टोकदार असतात, काही जातींत दोन-तीन सेंमी लांब. चालण्याच्या वाटेपासून, दारापासून आणि मुलं खेळतात त्या जागेपासून निदान एक मीटर आत लावा.

माती आणि निचरा

पाणी कितीही जपून घातलं तरी माती चिकण असेल तर उपयोग होत नाही. मुळं पाण्यामुळे मरत नाहीत. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे मरतात. म्हणून मिश्रणात टिकाऊ, जाड कण हवेत, जे वर्षभरानंतरही पोकळ्या धरून ठेवतील.

कुंडीसाठी घनफळाने पाच भागांचं मिश्रण करा: दोन भाग पोयट्याची माती, दोन भाग जाड वाळू किंवा २ ते ५ मिलिमीटरची बारीक खडी, आणि एक भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत किंवा शेणखत. वाळूऐवजी विटांचा चुरा चालतो, फक्त तो चाळून खालची लाल धूळ काढून टाका. धूळ राहिली तर तीच पाण्याबरोबर खाली बसून थर करते. बारीक, मैद्यासारखी वाळू मुळीच नको. ती माती मोकळी करण्याऐवजी घट्ट करते. समुद्राची वाळू क्षारांमुळे टाळा. कोकोपीट एक दशांशापेक्षा जास्त घालू नका. ते वरून कोरडं दिसतं आणि आत दिवसेंदिवस ओलं राहतं, त्यामुळे पाण्याचा अंदाज हमखास चुकतो.

मिश्रण जमलं का, ते असं तपासा. थोडं ओलं करून मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा बोटाने टोचताच फुटला पाहिजे. तसाच राहिला तर आणखी खडी मिसळा. कुंडीत भरल्यावर वरून पाणी ओता; ते पृष्ठभागावर तळं करून थांबू नये, आणि अर्ध्या मिनिटात खालच्या भोकातून वाहायला लागलं पाहिजे.

कुंडी मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडते. प्लास्टिकची चालते, फक्त तिला तळाशी चार-पाच भोकं हवीत आणि पाणी घालण्यातलं अंतर थोडं वाढवायला हवं. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही. तळाशी खड्यांचा जाड थर देण्याची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहज उतरत नाही, थराच्या वरची माती पाणी धरून ठेवते आणि ओलसर पट्टा उलट मुळांच्या आणखी जवळ येतो.

कुंडीचा आकार हा नेहमी चुकणारा भाग. लहान रोपाला मोठी कुंडी दिली की मुळं जिथे पोहोचलेली नाहीत ती माती ओलीच राहते. मुळांच्या गोळ्यापेक्षा चार-पाच सेंमी रुंद कुंडी पुरे. १५ सेंमीची कुंडी सुरुवातीला, मग २०, आणि बुटक्या जातीला शेवटची २५ ते ३०. कुंडी बदलायची ती दर दोन-तीन वर्षांनी, थंडी सरून ऊब वाढायला लागली की.

जमिनीत लावणी

आधी निचरा मोजा. ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी बघा. पाच सेंमी किंवा जास्त उतरली तर तिथे सरळ लावता येईल. त्याहून कमी उतरली तर जमीन भारी आहे. तिथे खड्डा करण्याऐवजी २५ ते ३० सेंमी उंच गादीवाफा करा किंवा उंचवटा करून त्यावर लावा.

भारी जमिनीत मोठा खड्डा खणून तो भुसभुशीत मिश्रणाने भरणं हा मोह होतो. असा खड्डा पावसात वाडग्यासारखा भरतो: बाजूच्या चिकण मातीतून पाणी हळू मुरतं, खड्ड्यात मात्र ते धाव घेतं आणि अडकून बसतं. त्यापेक्षा खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल आणि दुप्पट रुंद ठेवा.

बुटक्या जातींसाठी दोन झाडांत ४० ते ४५ सेंमी अंतर, दाट कड हवी असेल तर ३० सेंमी, आणि मोठ्या संकरांना ६० सेंमी. रोपाला आदल्या दिवशी पाणी घाला. पिशवी कापून काढा, रोप ओढून काढू नका. गोळ्याभोवती गरगर फिरलेली मुळं असतील तर बोटांनी मोकळी करा. रोप कुंडीत जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. किंबहुना एखादा सेंमी वर राहिलेलं बरं. बुंध्याला माती चढवू नका, खोडाशी ओल धरली की कूज तिथूनच सुरू होते.

रोप हाताळायला वर्तमानपत्राची जाड घडी करून खोडाभोवती पट्ट्यासारखी गुंडाळा आणि तिची दोन टोकं धरून उचला. कापडी हातमोज्यांतून काटे सहज आत जातात, चामड्याचे वापरा.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, मग तीन-चार दिवस थांबा. मुळं दुखावली आहेत असं वाटलं तर आठवडाभर पाणीच देऊ नका, जखमा सुकू द्या. वर आच्छादन घालायचं तर बारीक खडीचं दोन-तीन सेंमी घाला. पालापाचोळा किंवा भुसा ओल धरतो, तो बुंध्यापासून किमान वीतभर लांब ठेवा.

पाणी

नियम एकच: घालायचं तेव्हा पोटभर, मग माती वाळेपर्यंत काही नाही. रोज थोडं शिंपडणं हा सर्वांत वाईट प्रकार, कारण वरची दोन बोटं माती सतत ओली राहते, खालची मुळं तहानलेली राहतात आणि बुंधा कुजतो.

वाळली की नाही हे पृष्ठभाग बघून कळत नाही. साधी लाकडी काडी सहा-सात सेंमी खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडी गडद दिसली किंवा तिला माती चिकटली तर आज पाणी नाही. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर वजनाची सवय करून घ्या: पाणी घातल्यावर एकदा उचलून बघा, पूर्ण वाळल्यावर एकदा. काही दिवसांत हातालाच कळायला लागतं.

२० सेंमीच्या कुंडीला एका वेळी साधारण पाऊण लिटर लागतं, खालून वाहीपर्यंत. बशीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात फेकून द्या. कडक उन्हाच्या दिवसांत हा फेरा चार-पाच दिवसांनी येतो, सौम्य हवेत आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी. हे आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. वारा, कुंडी आणि माती यांवर ते बदलतात, निर्णय काडीनेच घ्यायचा.

जमिनीतल्या नव्या झाडाला पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा पाणी द्या, म्हणजे मुळं खोल जातील. त्यानंतर कोरड्या, गरम दिवसांत पंधरा दिवसांनी चार-पाच लिटर दिलं तरी ते फुलत राहतं. अजिबात पाणी नसेल तर ते पानं गाळून थांबतं आणि पुन्हा पाणी मिळालं की दोन-तीन आठवड्यांत शेंड्यांना नवी पानं येतात. मात्र असं उपाशी झाड एकदम चिंब करू नका. पानं नसताना ते पाणी फारसं ओढत नाही. पहिल्या वेळी नेहमीच्या निम्मंच पाणी द्या आणि हिरवे शेंडे दिसल्यावर नेहमीच्या मापावर या.

पावसाची झड लागली की कुंड्या आडोशाला घ्या. आडोसा नसेल तर त्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. पाणी नेहमी मातीवर घाला. फुलांच्या गुच्छांवर पाणी साचून राहिलं तर त्यांच्यावर करडी बुरशी येते.

खत

थोडक्यात आटोपतं. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला २५ सेंमीच्या कुंडीला दोन मुठी गांडूळखत, वरच्या मातीत हलकेच कालवून. त्यानंतर महिन्यातून एकदा १९:१९:१९ सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं तर मुळांची टोकं जळतात. नत्र जास्त झालं तर पानं मोठी, गडद हिरवी, मऊ होतात आणि फुलं कमी. युरिया देऊच नका. थंडीत आणि पानगळ झालेली असताना खत बंद. जमिनीतल्या झाडाला वर्षातून एकदा ओंजळभर शेणखत पुरतं.

छाटणी, आणि चिकाशी कसं वागायचं

आधी चीक, कारण त्याशिवाय सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घेऊ नये. चिकाने त्वचेवर लाली, आग आणि फोड येऊ शकतात, आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. बंद चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच काम करा, मध्येच कपाळाचा घाम पुसू नका. त्वचेवर पडला तर लगेच साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने तो नीट निघत नाही. डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा, आग कमी होण्याची वाट बघू नका. चीक पोटात जाणंही विषारी आहे, माणसाला आणि कुत्र्या-मांजरांनाही. या चिकाने गोगलगायी मरतात हे प्रयोगांतून दिसलेलं आहे, तेव्हा छाटलेल्या फांद्या माशांच्या हौदात किंवा तळ्यात पडणार नाहीत हे बघा.

छाटणीचा काळ म्हणजे थंडी संपून वाढ सुरू होण्याच्या बेतात. हवा कोरडी असावी. पावसात छाटणी केली तर जखम सुकत नाही आणि टोकापासून फांदी कुजत खाली येते.

सिकेटर स्पिरिटने पुसून घ्या. पहिल्यांदा वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या तळापासून काढा. मग उरलेल्या लांब फांद्या एक तृतीयांशापर्यंत मागे घ्या, डोळ्याच्या, म्हणजे जिथे जुन्या पानाची खूण आणि काट्यांची जोडी दिसते त्याच्या, अर्धा सेंमी वर काप देऊन. कापाखालचे दोन-तीन डोळे तीन ते सहा आठवड्यांत फुटतात. एका शेंड्याचे दोन-तीन शेंडे झाले, म्हणजे तेवढे गुच्छ वाढले. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा निवडला तर झुडूप घेरदार होतं.

कापातून चीक वाहतो तेव्हा गार पाण्याचा बारीक फवारा मारा, तो थांबतो. वर थोडी कोळशाची पूड किंवा लाकडाची कोरडी राख लावली तरी चालते. छाटणीनंतर पाणी कमी करा, कारण पानं कमी झालेली असतात. एका वर्षात एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. अगदी दांडकं झालेलं जुनं झाड पुन्हा बसकं करायचं असेल तर दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली आणा. प्रत्येक वर्षी काही फांद्या बुंध्यापासून १५ सेंमीवर कापा आणि बाकीच्या ठेवा, म्हणजे झाडाला पानं राहतील.

छाटलेल्या फांद्यांपासून रोपं

छाटणीचे शेंडे टाकू नका. ८ ते १२ सेंमी लांबीचे, पेन्सिलीएवढे जाड आणि निरोगी शेंडे निवडा. खालची पानं आणि सगळी फुलं काढा. कापलेलं टोक चीक थांबेपर्यंत पाण्यात बुडवा, पुसा, आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी चार ते सात दिवस आडवं ठेवून द्या. टोकावर कोरडी, किंचित आत गेलेली कड तयार झाली पाहिजे. ही पायरी गाळली तर दहातली निम्मी कलमं कुजतात, आणि घाई होते ती नेमकी इथेच.

लहान कुंडीत दोन भाग जाड वाळू आणि एक भाग पोयटा, किंवा वाळूऐवजी परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे). मिश्रण जेमतेम ओलसर. काडीने भोक करून कलम दोन-तीन सेंमी खोल उभं करा आणि भोवतालची माती दाबा. पाणी दोन-तीन दिवसांनी, तेही थोडंच. वरून प्लास्टिकची पिशवी घालू नका. गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या कलमाला जी दमट हवा मानवते तीच याला कुजवते. भरपूर उजेड असलेल्या सावलीत, २५ ते ३० अंशांच्या उबेत चार ते आठ आठवड्यांत मुळं येतात. ओढून बघायचं नाही. शेंड्याला नवी पानं आली आणि ती मोठी व्हायला लागली, की मुळं धरली असं समजा. मग हळूहळू उन्हात न्या आणि आणखी महिन्याभराने १५ सेंमीच्या कुंडीत हलवा.

काय बिघडतं आणि का

सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे पानगळ, आणि तिची कारणं एकमेकांच्या उलट असतात. पाणी कमी पडलं तर खालची पानं आधी पिवळी होऊन कोरडी होतात, खोड कडक राहतं पण किंचित सुरकुततं, माती हलकी असते. पाणी जास्त झालं तर पानं वरची-खालची एकदम पिवळी पडतात, मऊ असतानाच गळतात, आणि बुंध्याजवळ खोड नरम किंवा काळपट लागतं. थंडीचा झटका बसला तर एक-दोन रात्रींत बरीच पानं जातात पण खोड ठीक असतं. पानं गळताना दिसली की हात आपोआप पाण्याकडे जातो. त्याआधी बुंधा दाबून बघा. जागा किंवा कुंडी बदलल्यावर थोडी पानगळ होतेच, तिच्यासाठी काही करावं लागत नाही.

पानं भरपूर पण फुलं नाहीत: ऊन कमी किंवा नत्र जास्त. पानंही नाहीत आणि फुलंही नाहीत: पाण्याचा ताण किंवा थंडी. कळ्या येतात आणि उमलण्याआधी वाळतात: ताण फार लांबला, किंवा फुलकिडे. पांढऱ्या कागदावर गुच्छ झटकून बघा, बारीक लांबट किडे पळताना दिसतील. असे गुच्छ तोडून टाका.

पिठ्या ढेकूण काट्यांच्या बेचक्यात लपतो, त्यामुळे तो वेळेवर दिसत नाही. मुंग्यांची रांग खोडावर दिसली तर आधी तिथेच शोधा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकोरणीचा कापूस भिजवून प्रत्येक पुंजका पुसा, दर पाच-सहा दिवसांनी तीन-चार वेळा, कारण अंडी पहिल्या फेरीत वाचतात. खवले कीडही अशीच, फक्त आधी बोथट काडीने खरवडावी लागते. लाल कोळी कोरड्या, उष्ण हवेत येतो. पानावर बारीक फिके ठिपके आणि मागे जाळं दिसतं. सकाळी पानांच्या मागच्या बाजूला जोराचा पाण्याचा फवारा, तीन दिवसांआड, एवढ्याने तो बहुधा आटोक्यात येतो, मात्र माती झाकून घ्या.

साबणाच्या द्रावणाबद्दल सावध राहा. इतर झाडांना बिनधास्त मारलं जाणारं कीटकनाशक साबणाचं पाणी या झाडाची पानं आणि फुलं करपवतं. निंबोळी तेलातही ते मिसळायला साबण लागतोच, म्हणून आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. कडक उन्हात कोणताही फवारा नको.

बुंधा कुजायला लागला असेल तर मूळ झाड बहुतेक वाचत नाही, पण वरची फांदी वाचते, फक्त उशीर करू नका. फांदी मऊ भागाच्या बऱ्याच वर कापा आणि कापलेला भाग उजेडात बघा. आतून तो एकसारखा फिका हिरवट-पांढरा असायला हवा, आणि चीक झटकन आला पाहिजे. मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा कडेला तपकिरी वर्तुळ दिसलं तर दोन सेंमी आणखी वर कापा, प्रत्येक कापाआधी पातं स्पिरिटने पुसून, आणि स्वच्छ भाग मिळेपर्यंत हेच करत राहा. तो मिळाला की फांदी आठवडाभर सुकवून वरच्याप्रमाणे कलम म्हणून लावा. कुजलेलं खोड आणि कुंडीतली सगळी माती टाकून द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कुंडी घासून धुवा आणि उन्हात चार-पाच दिवस वाळवा, मगच तिच्यात नवं मिश्रण भरा.